राजवंशांच्या संधिकालातील राजपुत्र : यी बांग-वॉनविषयीच्या वादाचा आढावा

इ. स. ९१८ मध्ये स्थापन झालेल्या आणि पावणेपाचशे वर्षे टिकलेल्या गोर्यो राजवंशाचा १३९२ च्या सातव्या चांद्रमासात अस्त झाला, सेनापती यी सॉंग-ग्ये सिंहासनावर बसला आणि त्याने स्थापिलेला जोसॉन वंश १९१० मध्ये जपानने कोरिया घशात घालीपर्यंत तेथे नांदला, एवढ्या गोष्टींविषयी कोणाचे दुमत नाही. दुमत सुरू होते ते या सेनापतीच्या पाचव्या मुलापाशी. यी बांग-वॉन (१३६७–१४२२) हा जुन्या राज्याचा परीक्षोत्तीर्ण अधिकारी, नव्या राज्याचा डावलला गेलेला राजपुत्र, दोन सावत्र भावांच्या मृत्यूस कारण झालेला बंडखोर आणि शेवटी थेजोंग या नावाने अठरा वर्षे राज्य केलेला राजा. जुन्या वंशाचा शेवटचा समर्थ पाठीराखा त्याने मारविला आणि सहा वर्षांनी नव्या वंशाचा प्रमुख शिल्पकारही त्यानेच मारविला. या दोन हत्या एकाच सूत्रात गोवता येतात काय, आणि येत असल्यास ते सूत्र कोणते, याविषयी गेल्या पाऊणशे वर्षांत जी मते मांडली गेली त्यांचा धांडोळा घेणे हा या लेखाचा हेतू आहे. कोरियन मालिकांच्या द्वारे हा राजपुत्र आपल्याकडील तरुण प्रेक्षकांच्याही परिचयाचा झाला असल्याने असा आढावा अगदीच अस्थानी ठरू नये.

पार्श्वभूमी

चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात पूर्व आशियाची सारी राजकीय मांडणीच विसकटत होती. शंभर वर्षे ज्यांच्या घरच्या राजकन्या करून गोर्योच्या राजांनी आपले आसन सांभाळले, त्या मंगोल युआन सम्राटांची सत्ता ढासळली होती आणि १३६८ मध्ये चीनमध्ये मिंग वंशाची स्थापना झाली. गोर्योचा राजा गोंगमिन याने १३५६ मध्ये ईशान्येचे सांगसॉंग हे मंगोलांचे ठाणे जिंकून घेतले, तेव्हा त्या मुलखातील यी जा-छुन नावाचा मंगोलांच्या पदरचा सरदार त्याला येऊन मिळाला. यी सॉंग-ग्ये हा त्याचाच मुलगा, आणि पुढे राजवंश ठरलेल्या या घराण्याचा उदय असा सरहद्दीवरच्या पक्षांतरातून झाला. १३६१ मध्ये चीनमधील 'लाल फेटेवाल्या' बंडखोरांनी राजधानी गेग्यॉंग काबीज केली, किनाऱ्यावर जपानी चाच्यांनी वर्षानुवर्षे उच्छाद मांडला, आणि या दोन्ही आघाड्यांवर पराक्रम गाजवून यी सॉंग-ग्ये राज्याचा अग्रगण्य सेनापती झाला. अंतर्गत स्थिती याहून वाईट होती. बलाढ्य घराण्यांनी जमिनी बळकाविल्या होत्या, एकाच शेतावर अनेक जण महसुलाचा हक्क सांगत होते, आणि सरकारी खजिन्यात अधिकाऱ्यांच्या वेतनापुरतेही धान्य उरत नव्हते.

१३८८ मध्ये मिंग दरबाराने छॉल्ल्यॉंग खिंडीच्या उत्तरेचा मुलूख आपल्या अंमलाखाली घेण्याचा मनोदय कळविला, तेव्हा राजा उ आणि वृद्ध सेनापती छ्वे यॉंग यांनी लिआवदुंगवर चाल करण्याचा हुकूम सोडला. यी सॉंग-ग्येने चार हरकती घेतल्या : लहान राज्याने मोठ्यावर चालून जाणे, भर उन्हाळ्यात फौज उभारणे, पाठीमागे जपानी चाच्यांना रान मोकळे करणे, आणि पावसाळ्यात धनुष्यांचा सरस सुटून सैन्यात रोगराई पसरण्याचा धोका पत्करणे. हरकती फेटाळल्या गेल्या. तो निघाला खरा. परंतु याळू नदीच्या मुखाजवळील विह्वा बेटावरून त्याने फौज माघारी फिरविली, राजधानी घेतली आणि राजास पदच्युत केले. त्यानंतरची चार वर्षे गोर्योचे राज्य नावापुरते उरले. उचा अल्पवयीन मुलगा छांग गादीवर बसला. तो व त्याचा बाप हे राजवंशाचे नसून शिन दॉन नावाच्या भिक्षूची संतती आहेत, असा निवाडा करून १३८९ मध्ये छांगलाही काढण्यात आले आणि दूरच्या शाखेतील गोंगयांग यास आणून बसविण्यात आले. १३९० मध्ये जमिनीची जुनी दफ्तरे राजधानीत जाळली गेली, आणि १३९१ मध्ये अधिकाऱ्यांस दर्जाप्रमाणे महसूल नेमून देणारा, आपल्या सरंजामाची आठवण करून देणारा नवा जमीनकायदा झाला. जो जुन आणि जॉंग दो-जॉन हे या सुधारणांचे कर्णधार होते.

राजपुत्राचे चरित्र, जेवढे निर्विवाद आहे तेवढे

बांग-वॉनचा जन्म ईशान्येच्या हामहुंग येथे झाला. शस्त्रावर जगणाऱ्या या घराण्यात तो एकटाच विद्येच्या मार्गाने पुढे आला. १३८३ मध्ये, कोरियन गणनेने सतराव्या वर्षी, तो मुलकी सेवेची उच्च परीक्षा उत्तीर्ण झाला, आणि जोसॉनच्या सर्व राजांत ही परीक्षा उत्तीर्ण झालेला तोच एक. त्याच्या आदल्या वर्षी त्याचा विवाह मिन घराण्यातील कन्येशी झाला होता. सासरे मिन जे हे राजधानीच्या जुन्या, प्रतिष्ठित कुळातले विद्वान अधिकारी. म्हणजे सरहद्दीवरच्या सेनापतीचा मुलगा या संबंधाने राजधानीच्या अभिजन वर्तुळात दाखल झाला. ही गोष्ट पुढील चर्चेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. विह्वा बेटावरून फौज फिरल्याची वार्ता येताच त्याने आपली आई हान आणि सावत्र आई खांग या दोघींना पोछॉनहून सुरक्षित स्थळी हलविले. त्याच वर्षी ज्येष्ठ मंत्री यी सेक मिंग दरबारी वकील म्हणून निघाले, तेव्हा आपल्या गैरहजेरीत यी सॉंग-ग्येने काही उलाढाल करू नये म्हणून त्यांनी या मुलास दफ्तरदार म्हणून बरोबर नेले. त्या दौऱ्यात तो जवळजवळ ओलीसच होता.

१३९१ मध्ये आई वारली आणि बांग-वॉन सुतकाच्या विधींत गुंतला. १३९२ च्या वसंतात मिंग दरबारातून परतणाऱ्या युवराजाच्या स्वागतास गेलेला यी सॉंग-ग्ये हेजू येथे शिकारीत घोड्यावरून पडून जबर जखमी झाला. मंत्री जॉंग मोंग-जू याने ही संधी साधली. तो कोणी प्रतिगामी दरबारी नव्हता. आपल्या काळचा सर्वश्रेष्ठ नव-कन्फ्यूशियन पंडित, चीन-जपानच्या वकिलातींत नाव कमावलेला मुत्सद्दी, आणि १३८९ मध्ये छांगला हटविणाऱ्या नऊ जणांत यी सॉंग-ग्येचा साथीदार असलेला माणूस तो होता. सुधारणा त्यासही हव्या होत्या. वंश बदलणे मात्र त्यास मान्य नव्हते. त्याने जो जुन, जॉंग दो-जॉन आणि नाम उन यांच्यावर दोषारोप ठेवून त्यांस हद्दपार करविले. बांग-वॉन धावून गेला, जखमी बापाला रातोरात राजधानीस आणले, आणि चौथ्या महिन्याच्या चौथ्या दिवशी, यी सॉंग-ग्येच्या समाचारास येऊन परत जात असता, जॉंग मोंग-जू वाटेत मारला गेला. मारेकरी जो यॉंग-ग्यू व त्याचे सोबती बांग-वॉनने पाठविले होते. बाप संतापला, असे नोंदींत आहे. आणि सावत्र आई खांग हिने मुलाची बाजू घेतली, असेही आहे. तीन महिन्यांनी राज्य बदलले.

नव्या राज्यात या राजपुत्राच्या पदरी फारसे काही पडले नाही. राज्यस्थापनेच्या मानकऱ्यांच्या यादीत राजपुत्रांस स्थान नव्हते, त्यामुळे तोही बाहेर राहिला. राज्यारोहणास जेमतेम महिना होतो तोच खांग राणीचा धाकटा मुलगा बांग-सॉक, वय वर्षे अकरा, युवराज म्हणून घोषित झाला. १३९४ मध्ये मिंग सम्राट हुंगवू याने राजाच्या मुलास पाठविण्याची मागणी केली, तेव्हा बांग-वॉन पुन्हा चीनला गेला आणि वाटेत पुढे युंगलो सम्राट झालेल्या येनच्या राजपुत्रास भेटला. तोही पुतण्याला बाजूस सारून गादी घेणार होता. दरम्यान जॉंग दो-जॉनच्या हाती राज्याची सर्व सूत्रे एकवटत गेली. राज्यघटनेचा आराखडा त्याचा, १३९४ मध्ये राजधानी हानयांगला हलविण्याचा कारभार त्याचा, ग्यॉंगबोक राजवाड्याच्या दालनांची नावे त्याची, आणि १३९५ नंतर कोरियन खलित्यांतील शब्दयोजना अवमानकारक असल्याचे निमित्त करून सम्राटाने ज्याला आपल्या हवाली करावे म्हणून लकडा लावला तो माणूसही तोच. त्यास चीनला पाठविण्यात आले नाही. उलट त्याने लिआवदुंगवरील मोहिमेच्या नावाने नवी कवायत सक्तीची केली आणि राजपुत्र व सरदारांच्या खासगी फौजा सरकारजमा करण्यास हात घातला. १३९८ च्या आठव्या महिन्यात कवायतीत कुचराई केल्याबद्दल राजपुत्रांऐवजी त्यांच्या हाताखालच्या माणसांस फटके मारण्यात आले. खांग राणी दोन वर्षांपूर्वीच निवर्तली होती आणि राजा आजारी होता.

त्याच महिन्याच्या २६ व्या रात्री बांग-वॉन उठला. जॉंग दो-जॉन, नाम उन, युवराज बांग-सॉक, त्याचा भाऊ बांग-बॉन आणि मेहुणा यी जे हे सर्व मारले गेले. फौजा मोडल्या तेव्हा शस्त्रे लपवून ठेवून ती या रात्री पुरविण्याचे काम त्याच्या पत्नीने केले. बापाने पुढल्याच महिन्यात राज्यत्याग केला आणि गादीवर बांग-ग्वा हा थोरला भाऊ बसला. १४०० च्या आरंभी चौथा भाऊ बांग-गान याने गेग्यॉंगच्या रस्त्यांवर बांग-वॉनशी लढाई केली. तो हरला, हद्दपार झाला, पण जिवंत राहिला. दुसऱ्या महिन्यात बांग-वॉन युवराज झाला. चौथ्या महिन्यात खासगी फौजा रद्द करण्यात आल्या, आणि अकराव्या महिन्यात तो राजा झाला.

साधनांचा प्रश्न

या चरित्राचा जवळजवळ प्रत्येक धागा अखेरीस एकाच दफ्तरखान्यात जाऊन पोहोचतो. 'थेजो सिल्लोक' हा पहिल्या राजाच्या कारकिर्दीचा अधिकृत वृत्तांत. तो रचण्याचा हुकूम १४०९ मध्ये दिला बांग-वॉननेच. घटनेतील माणसे हयात असताना त्यांचा इतिहास लिहिणे प्रशस्त नव्हे, ही इतिहासलेखकांची हरकत त्याने मानली नाही, आणि १४१३ मध्ये पूर्ण झालेल्या या ग्रंथाचा प्रमुख संपादक हा र्युन हा १३९८ च्या बंडात त्याचा विश्वासू सल्लागार होता. गोर्योचा इतिहास प्रथम १३९५ मध्ये जॉंग दो-जॉनने लिहिला. तो थेजोंगास पसंत पडला नाही, पुनःपुन्हा दुरुस्त झाला आणि आज आपल्या हाती असलेला 'गोर्योसा' हा १४५१ चा आहे. त्यात राजा उ आणि छांग यांस राजांच्या वृत्तांतात स्थान न देता राजद्रोह्यांच्या चरित्रांत घातले आहे. कोरियन लिपीतील पहिला ग्रंथ म्हणून ज्याची ख्याती आहे, ते 'योंगबीऑछॉनगा' हे काव्य बांग-वॉनचा मुलगा सेजोंग याच्या काळी झाले, आणि त्यात गौरविलेल्या सहा 'ड्रॅगन' पुरुषांपैकी अखेरचा बांग-वॉन आहे.

तरीही ही साधने टाकाऊ आहेत असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे होईल. सिल्लोकच्या संस्थेत राजाची ढवळाढवळ जितकी होती, तितकाच तिला प्रतिकारही होता. १४०४ मध्ये हरणाच्या मागे घोडा फेकताना थेजोंग पडला आणि उठताच त्याने पहिली सूचना केली ती इतिहासलेखकाला हे कळू न देण्याची. ही पडझड आणि ही सूचना अशी दोन्ही त्याच्या कारकिर्दीच्या वृत्तांतात लिहिलेली आहेत. जेत्याच्या ग्रंथातही जेत्यास अडचणीचे तपशील राहून जातात, आणि अलीकडील संशोधनाचा बराचसा भर अशा तपशिलांवरच आहे.

ठळक उदाहरण १३९८ च्या रात्रीचे. अधिकृत समर्थन असे, की राजाच्या आजाराचे निमित्त करून जॉंग दो-जॉनने सर्व राजपुत्रांस वाड्यात बोलाविले व त्यांस ठार करण्याचा बेत केला. वाड्याच्या दारांवर नेहमीचे दिवे नसल्याचे पाहून बांग-वॉनला संशय आला आणि तो पोट बिघडल्याचे सांगून बाहेर पडला. परंतु त्याच वृत्तांतात असेही आहे, की हल्ला झाला तेव्हा कथित कटवाले सोंगह्यॉन येथे नाम उनच्या रखेलीच्या घरी मद्यपान करीत बसले होते आणि त्यांचे नोकर झोपी गेले होते. राजाचे मुलगे मारावयास निघालेली माणसे अशी गाफील बसतील काय, हा प्रश्न विचारण्यास इतिहासकाराला कोणत्याही नव्या कागदाची गरज पडत नाही.

लोकस्मृतीने याच्या उलट दिशेने भर घातली. जॉंग मोंग-जूचा मृत्यू सोनजुक पुलावर झाला आणि तेथील दगडावर अजून रक्ताचा डाग आहे, ही समजूत, तसेच बांग-वॉनने त्याला गीतातून आमंत्रण दिले व त्याने गीतानेच नकार दिला, ही हृद्य कथा, दोन्ही कोरियाच्या घराघरांत माहीत आहेत. या दोन गीतांचे लेखी आढळ मात्र सतराव्या-अठराव्या शतकांतील संग्रहांत आहेत. ती खोटी असे सिद्ध झालेले नाही. समकालीन पुरावा म्हणून ती वापरता येत नाहीत, इतकेच.

वंशबदलाचे स्वरूप : तीन भूमिका

राजपुत्राविषयीचे मत बहुधा वंशबदलाविषयीच्या मतातून निघते, म्हणून आधी ते पाहिले पाहिजे. जोसॉनकालीन पंडितांची भूमिका नैतिक होती. दैवी आदेश एका कुळाकडून दुसऱ्याकडे गेला हे त्यांस मान्य करावेच लागे, पण निष्ठेचा आदर्श म्हणून त्यांनी पुजले ते जॉंग मोंग-जूला. यात पुढाकार घेतला मारविणाऱ्यानेच : दरबारी पंडित ग्वॉन गुन याच्या सूचनेवरून थेजोंगने १४०१ मध्ये त्यास मरणोत्तर सर्वोच्च मंत्रिपद दिले, आणि १५१७ मध्ये कन्फ्यूशियसच्या राजमंदिरात त्याची स्थापना झाली. राज्य घेताना निष्ठावंत नडतो आणि राज्य राखताना त्याचीच गरज पडते, हे या राजाने फार लवकर ओळखले होते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जपानी अमलाखाली जे इतिहासलेखन झाले, त्यात कोरियन समाज गतिशून्य होता आणि १३९२ मध्ये राजाचे आडनाव तेवढे बदलले, असे चित्र प्रबळ होते. स्वातंत्र्यानंतरच्या कोरियन इतिहासकारांनी याचे उत्तर देणे हे आपले कर्तव्य मानले. यी सांग-बेक यांच्या १९४९ च्या ग्रंथाने राज्यस्थापनेचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला व जमीनसुधारणेच्या राजकारणाकडे लक्ष वेधले. १९६० नंतर यी उ-सॉंग यांच्या लेखनातून 'नवोदित विद्वान अधिकारी वर्ग' ही कल्पना रूढ झाली. या मतानुसार प्रांतांतील मध्यम जमीनदार घरांतून, परीक्षांच्या मार्गाने, नव-कन्फ्यूशियन विचार घेऊन एक नवा वर्ग वर आला, आणि त्याने सेनापतींच्या साहाय्याने जुन्या घराण्यांची सत्ता मोडली. यी गी-बेक यांच्या सर्वत्र वाचल्या गेलेल्या कोरियाच्या इतिहासामुळे हे मत पाठ्यपुस्तकांत स्थिरावले. या चौकटीत बांग-वॉन हा सेनापतीचा मुलगा व परीक्षोत्तीर्ण पंडित अशा दुहेरी नात्याने दोन्ही शक्तींचा सांधा ठरतो.

या मतास मोठा धक्का दिला तो अमेरिकन अभ्यासक जॉन डंकन यांनी. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी वंशबदलाच्या आधीच्या आणि नंतरच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांची कुळे ताडून पाहिली आणि राजधानीतील प्रमुख घराणी बव्हंशी तीच राहिली असे दाखविले. नवा वर्ग वर आला नाही. जुन्याच अभिजनांनी आपल्या हितास अनुकूल अशी केंद्रित राज्ययंत्रणा उभारली, आणि तिचे प्रयत्न गोर्योच्या काळापासूनच चालू होते, हा त्यांचा निष्कर्ष. बांग-वॉनचे सासर असलेले मिन घराणे याचा बोलका दाखला म्हणता येईल. मार्टिना डॉयश्लर यांनी १९९२ च्या ग्रंथात निराळाच कोन घेतला होता : वारसा, विवाह, पूर्वजपूजा यांत नव-कन्फ्यूशियन विचाराने घडविलेले परिवर्तन खरे होते, पण ते पूर्ण होण्यास शतके लागली. या दोन्ही मतांचा परिणाम असा, की १३९२ चे एकच निर्णायक क्षण म्हणून असलेले महत्त्व कमी होते आणि त्या क्षणावर उभे असलेले पुरुषही काहीसे खुजे दिसू लागतात. कुळांच्या याद्यांतून सत्ता कोणाकडे होती हे कळते. एका विवक्षित रात्री ती कोणी कशी हिसकावली हे त्यांतून कळत नाही, असा आक्षेप यावर घेता येतो, आणि तो मला वाजवी वाटतो.

१३९८ चा अर्थ

सर्वांत जोरदार वाद आहे तो येथे. हान यॉंग-उ यांनी १९७३ मध्ये जॉंग दो-जॉनच्या विचारांवर ग्रंथ लिहिला, तेव्हापासून हा संघर्ष दोन राज्यकल्पनांचा मानण्याची पद्धत पडली. जॉंग दो-जॉनच्या मते राजपद वारशाने येत असल्याने राजा शहाणा निघेलच असे नाही. म्हणून राजाचे मुख्य काम योग्य महामंत्री निवडणे, आणि राज्य चालविणे हे महामंत्र्याचे. याच्या उलट बांग-वॉनने राजा झाल्यावर १४१४ मध्ये सहा खात्यांनी मंत्रिमंडळास वगळून थेट राजापुढे कामकाज आणावे अशी व्यवस्था केली. तेव्हा १३९८ म्हणजे मंत्रिसत्ता विरुद्ध राजसत्ता, असे हे आकर्षक समीकरण. लोकप्रिय मालिकांनी ते आणखी पक्के केले. २०१४ च्या 'जॉंग दो-जॉन' मालिकेने मंत्र्यास नायक केले, तर 'ड्रॅगनचे अश्रू' (१९९६–९८) आणि 'सिक्स फ्लाइंग ड्रॅगन्स' (२०१५–१६) या मालिकांत राजपुत्र अग्रभागी राहिला.

दुसरे मत याहून साधे आहे. थोरल्या राणीचे कर्तबगार, प्रौढ मुलगे हयात असता धाकट्या राणीचे मूल युवराज झाले. अशा निवडीचा शेवट जगातील बहुतेक दरबारांत असाच झाला असता. बांग-वॉनचे सावत्र आईशी असलेले वैर तिच्या मरणाने संपले नाही, हे या मताच्या बाजूने सांगता येते. १४०९ मध्ये त्याने तिची समाधी शहराबाहेर हलविली आणि पुढल्या वर्षी पुराने वाहून गेलेला ग्वांगथोंग पूल बांधताना त्या समाधीचे कोरीव दगड वापरले. सोलमधील छॉंगग्ये ओढ्यावर ते आजही पाहता येतात. १३९२ मध्ये ज्या स्त्रीने त्याची कड घेतली, तिच्याशी हा व्यवहार. तिसरे मत परराष्ट्रधोरणाचे : मिंगशी टक्कर घेऊ पाहणारा मंत्री दूर होऊन मिंगशी सलोखा ठेवू इच्छिणारा पक्ष सत्तेवर आला. मात्र लिआवदुंगची मोहीम खरोखर व्हावयाची होती, की फौजा सरकारजमा करण्याचे ते केवळ निमित्त होते, हेच अजून ठरलेले नाही.

माझ्या मते या तिन्ही मतांत एका तारखेकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. खासगी फौजा मोडण्याचा जो कार्यक्रम जॉंग दो-जॉनने आरंभिला आणि ज्याने राजपुत्रांच्या पायाखालची जमीन सरकली, तो त्याच्या मृत्यूने रद्द झाला नाही. बांग-वॉन युवराज होताच अवघ्या दोन महिन्यांत, १४०० च्या चौथ्या महिन्यात, त्याने तो स्वतः तडीस नेला, आणि विरोध करणाऱ्या आपल्याच साथीदारांस शिक्षा केल्या. राज्याविषयीच्या दोन विरोधी तत्त्वज्ञानांचा हा झगडा असता तर विजेत्याने पराजिताचे धोरण इतक्या तत्परतेने उचलले नसते. सैन्य एकाच हाती असावे, याविषयी दोघांचे एकमत होते. हात कोणाचा, एवढाच वाद होता. १४१४ ची व्यवस्था सोळा वर्षांनंतरची आहे, तिच्या उजेडात १३९८ ची रात्र वाचणे म्हणजे फळावरून बीजाचा तर्क करणे. पुढेही या राजाने जे जे घाव घातले, त्यांचा रोख शक्तीची दुसरी केंद्रे मोडण्याकडेच दिसतो. पत्नीचे दोन भाऊ १४१० मध्ये आणि उरलेले दोन १४१६ मध्ये मृत्यू पावले; ज्या घरातून त्या रात्री शस्त्रे आली होती ते घर असे संपले. १४१८ मध्ये थोरल्या युवराजास दूर करून त्याने तिसऱ्या मुलास, म्हणजे सेजोंगला, गादीवर बसविले. तरी फौजेचा अधिकार मरेपर्यंत स्वतःकडे ठेवला, आणि त्याच वर्षी सेजोंगचे सासरे शिम ओन यांस प्राणदंड झाला. सेजोंगच्या विद्वत्प्रिय कारकिर्दीचा पाया या रक्तपातात आहे असे अनेक लेखक म्हणतात. त्यात तथ्य असेल; पण परिणामावरून कृत्याचे समर्थन करण्याची ती जुनीच रीत आहे, आणि आढाव्याच्या लेखकाने तिच्यापासून अंतर राखलेले बरे.

पराभूत राजपुत्र

या सगळ्या वादात जुन्या वंशातील राजपुत्रांची आठवण क्वचितच होते. गोंगयांग राजास वॉन्जू, गानसॉंग, साम्छॉक असे फिरवीत १३९४ मध्ये मुलांसह ठार करण्यात आले, आणि त्याच वर्षी गांगह्वा व गॉजे येथे ठेवलेल्या, गोर्यो राजवंशाच्या वांग कुळातील लोकांस समुद्रात बुडविण्यात आले. उरलेल्यांनी नावे बदलली. १४१३ मध्ये असाच एक लपलेला वंशज सापडला, तेव्हा थेजोंगने त्याचा जीव घेतला नाही आणि वांग कुळातील माणसांस सुखाने राहू द्यावे असा हुकूम काढला. 'रक्तहीन सत्तांतर' हे १३९२ चे वर्णन ज्यांस करावयाचे असेल, त्यांनी कालमर्यादा दोन वर्षांनी वाढवून पाहावी.

अद्याप न सुटलेले

जॉंग मोंग-जूच्या हत्येचा बेत यी सॉंग-ग्येस ठाऊक होता काय? वृत्तांत नाही म्हणतो. परंतु पित्यास निष्कलंक ठेवून वंशाच्या स्थापनेतील पापपुण्य आणि श्रेय दोन्ही पुत्राकडे वळविण्यात, वृत्तांत लिहविणाऱ्या पुत्राचाच लाभ होता. उलट बाजूने, १४०२ मध्ये जो सा-उइ याने ईशान्येत केलेल्या बंडाव्यास वृद्ध थेजोची सहानुभूती होती असे मानले जाते, आणि पितापुत्रांतील दुरावा खरा असल्याचे त्यावरून दिसते; तो १३९२ पर्यंत मागे नेता येतो की नाही, याविषयी एकमत नाही. राजा उ हा भिक्षूचा मुलगा होता या आरोपावर आज फार थोडे अभ्यासक विश्वास ठेवतात, तरी तो समूळ खोडून काढणारा पुरावाही उपलब्ध नाही.

जॉंग दो-जॉनला त्याच्या पदव्या परत मिळाल्या त्या १८६५ मध्ये, ग्यॉंगबोक राजवाड्याची पुनर्बांधणी सुरू झाली तेव्हा. त्याच्यावरील कटाच्या आरोपाचा पुरावा मात्र १४१३ मध्ये होता तेवढाच आजही आहे : आरोप करणाऱ्याच्या सल्लागाराने लिहिलेला एक वृत्तांत, आणि त्यातच त्याला छेद देणारे दोन-तीन तपशील. सिल्लोकची सर्व पाने आज मूळ चिनी पाठ व आधुनिक कोरियन अनुवादासह संगणकावर खुली आहेत. ज्यांस ती भाषा येते त्यांनी १३९८ च्या आठव्या महिन्यातील २६ व्या दिवसाची नोंद स्वतः वाचावी. ती वाचल्यानंतर, सध्याच्या पुराव्यावर, जॉंग दो-जॉनवरील राजपुत्रांच्या हत्येच्या कटाचा आरोप असिद्ध ठरवावा लागतो.